शिक्षकांची मुलाखत घ्यायचीय? ‘तुमचं शैक्षणिक तत्त्वज्ञान काय’ हे तेवढं विचारू नका

बीएड, एमए एज्युकेशन किंवा एखाद्या संस्थेची फेलोशिप करणारं कुणी ना कुणी दर वर्षी मेसेज टाकतं की ताई, विद्यार्थीकेंद्री शिक्षणावर शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्यात, तुमची प्रश्नावली पाठवता का. मी पाठवत नाही. माझ्याकडे एकच टाइप केलेली प्रश्नावली आहे, माझ्या पहिल्या मुलाखतीची, आणि ती इतकी भंगार आहे की ती वापरलीत तर तुमचंही माझ्यासारखंच होईल.

झालं असं की जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा होती, मी बावीस प्रश्न घेऊन गेले, पहिलाच प्रश्न ‘विद्यार्थीकेंद्री अध्यापनामागची आपली तात्त्विक भूमिका स्पष्ट करा’. बाई सरळ बसल्या, ओढणी नीट केली आणि प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, मूल स्वतः शिकतं, शिक्षक हा सुलभक असतो, प्रत्येक मूल शिकू शकतं वगैरे. चाळीस मिनिटांत बावीस प्रश्न खलास. मी खूश. निघताना चप्पल घालता घालता सहज विचारलं, बाई, खिडकीत त्या बरणीत काय हो?

‘ते होय, चिंचोके.’ आणि मग उभ्याउभ्या वीस मिनिटं त्या बोलल्या. एक पोरगा, घरात गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) बोलणारा, पहिले दोन महिने वर्गात तोंडच उघडेना, पण मधल्या सुट्टीत फोडलेल्या चिंचोक्यांनी पट खेळताना दोन दानांची बेरीज सगळ्यांच्या आधी करायचा. बाईंनी ते पाहिलं, पट वर्गात आणला, त्याच्याकडून त्याच्या भाषेत दहापर्यंत मोजायला स्वतः शिकल्या, आता अख्खी पहिली दोन्ही भाषांत मोजते. आणि माझा रेकॉर्डर? बॅगेत, बंद.

त्या बरणीपर्यंत पोचायचं कसं, एवढंच खाली सांगतेय. उदाहरणं मराठी शाळांची आहेत कारण मी तिथेच फिरलेय.

पायरी १: जायच्या आधी थोडं वाचून जा

थोडंच, पण नक्की. नाहीतर शिक्षक बोलतात ते डोक्यावरून जातं. कुणी ‘ज्ञानरचनावाद’ (मूल आपलं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून रचतं, हा विचार) म्हणालं की त्यामागे २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आहे हे माहीत पाहिजे. कुणी ‘आरटीईत लिहिलंय’ म्हणालं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ डोळ्यासमोर यायला पाहिजे, त्यात मुलाला भीती वाटू नये, कृतीतून आणि शोधातून शिकता यावं, जमेल तिथे मातृभाषेत शिकवावं हे सगळं आहे. ‘आकारिक’ (शिकता शिकता होणारं मूल्यमापन) आणि ‘संकलित’ (सत्राच्या शेवटी होणारं) हे शब्द तर दर दोन मिनिटांनी येणार. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, २० ऑगस्ट २०१० चा, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदींची (प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहिलेल्या निरीक्षणांची) वही प्रत्येक गुरुजींच्या कपाटात आहे. ती वही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आणि २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा जीआर, त्या आगेमागे साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जायच्या. परत आले की कितीतरी शाळांच्या फरशीवर ऑइल पेंटने गोल, चौकोन, अंक उमटले, मुलांच्या उंचीचे तळफळे आले, मणीमाळा आल्या. त्यातलं किती अजून वापरात आहे आणि किती नुसतं फरशीवर आहे, हा मुलाखतीतला फार चांगला धागा असतो.

जुनंही थोडं माहीत असू द्या. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथे काम करून आल्या, मग १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ, आणि पुढे कोसबाड, जिथे गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा, पुण्यात अक्षरनंदन शाळा. हे पाठ करून समोरच्याला ऐकवायचं नाहीये हां. एका गुरुजींसमोर मी कोसबाडवर पाच मिनिटं ज्ञान पाजळलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘मी तिथलाच आहे.’

पायरी २: परवानगी आणि वेळ

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी शिक्षकाला फोन, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख. दोन-तीन दिवस वर्गात बसणार असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे कॉलेजचं पत्र द्या आणि शिक्का मारलेली पोच स्वतःकडे ठेवा, त्याने तुमच्यापेक्षा त्या शिक्षकाचं टेन्शन कमी होतं, उद्या कुणी ‘या कोण आल्या होत्या’ विचारलं तर त्यांच्याकडे दाखवायला कागद असतो. खाजगी शाळेत मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक, तिथे बहुतेक वेळा ‘आमच्या सगळ्यात चांगल्या मॅडम’ तुमच्यासमोर आणून बसवतात. त्यांचं ऐका, पण अजून एक-दोन जणांशी बोलायचंय हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर जूनमध्ये जाऊ नका. शाळा मध्य जूनला उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभराने, आणि तेव्हा प्रवेश, पुस्तकवाटप, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) यातून कुणाला मान वर करायला वेळ नसतो. संकलित परीक्षेचा आठवडाही नको. मार्च-एप्रिल तर विसराच. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा दिवाळीनंतर ते जानेवारी बरं पडतं. आणि माझा लाडका वार शनिवार, सकाळची शाळा असते, पोरं घरी गेली की शाळा शांत, गुरुजींनाही लगेच पळायचं नसतं.

निवडणुका लागल्यात का तेवढं मात्र बघून घ्या, नाहीतर शाळेत पोचाल आणि सर बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन वाडीवर गेलेले असतील. झालंय माझं.

पायरी ३: आधी वर्गात बसा, मुलाखत नंतर

ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच घोळ होतो. वर्ग न बघता मुलाखत घेतली की समोरचा माणूस स्वतः कसा शिकवू इच्छितो ते सांगतो, आणि कसा शिकवतो ते तुम्हाला कळतच नाही. तो खोटं बोलतो असं अजिबात नाही. ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात यावर बरंच लिहिलंय, माणसाचं सांगण्यातलं तत्त्व आणि वागण्यातलं तत्त्व वेगवेगळी असतात आणि त्या फरकाचा बऱ्याचदा त्यालाही पत्ता नसतो. तुमचं माझंही तेच आहे.

निदान दोन तास बसा, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी. मागे, आणि पोरं जमिनीवर बसत असतील तर जमिनीवरच, खुर्ची दिली तरी नको म्हणा कारण खुर्चीवर बसलेला माणूस पोरांच्या लेखी ‘साहेब’ असतो. पहिली पंधरा मिनिटं सगळे तुमच्याकडेच बघणार, ती सोडून द्या.

मग काय टिपायचं? ‘वातावरण आनंददायी होते’ असलं काही लिहू नका, त्याचा नंतर काही उपयोग होत नाही. मी वहीत उभ्या तीन रेघा मारते: बाई बोलल्या, एक मूल बोललं, मुलं आपसात बोलली. दर मिनिटाला एक खूण. आणि जमलं तर हे बघा की प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी हे मोजलं होतं, शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात, आणि तेच तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारीही बोलायला लागतात. मनात एक-दोन-तीन म्हणत मोजा, कळतं.

शिवाय तुम्हाला न कळलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा, न कळलेल्याच. ‘तिसऱ्या रांगेतल्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं आणि काहीच न विचारता परत पाठवलं, का?’ उद्याच्या मुलाखतीत सोनं इथूनच निघतं.

पायरी ४: प्रश्न

बावीस नको, सहा-सात पुरेत. आणि प्रश्न घटनेचा पाहिजे, मताचा नको. मत विचारलं की शिक्षक मनातल्या मनात प्रशिक्षण हॉलमध्ये जाऊन बसतो, घटना विचारली की वर्गात येतो.

म्हणजे ‘विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणजे तुमच्या मते काय’ याच्याऐवजी विचारा, काल तुम्ही ठरवलं होतं एक आणि पोरांमुळे झालं भलतंच, असं काही झालं का. ‘तुम्ही वैयक्तिक फरक कसे लक्षात घेता’ याच्याऐवजी त्या वर्णनात्मक नोंदींची वही मागा (द्यायची नसेल तर आग्रह नको) आणि म्हणा, यातल्या एका मुलाबद्दल सांगा, ज्याने तुम्हाला कोड्यात टाकलं. ‘मूल्यमापनाची पद्धत काय’ च्या ऐवजी एखादी तपासलेली वही उघडा, हे उत्तर चुकलंय पण तुम्ही फुली मारलेली नाही, का हो? वस्तू समोर असली की माणूस बोलतो. टाचणवही (रोज काय शिकवायचं त्याची शिक्षकांची वही), पोरांची चित्रं, भिंतीवरचा तक्ता, चिंचोक्यांची बरणी, काहीही चालतं.

एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: तुम्ही आधी करायचात आणि आता सोडून दिलं असं काय? यावर कुणी पाठ केलेलं उत्तर देत नाही कारण ते प्रशिक्षणाच्या कुठल्याच मॉड्यूलमध्ये नसतं. एक बाई म्हणाल्या, शब्दपट्ट्या सोडल्या, पोरं शब्द वाचत नव्हती, पट्टीचा फाटलेला कोपरा ओळखत होती! आता सांगा, वाचन म्हणजे काय याबद्दल त्या बाईंचं मत अजून वेगळं विचारायची गरज आहे का.

आणि हो, तुम्ही स्वतः विद्यार्थी असताना कुठल्या शिक्षकाला घाबरायचात, हा पण चांगला प्रश्न आहे, फक्त सुरुवातीलाच टाकू नका.

पायरी ५: जागा आणि रेकॉर्डिंग

मुख्याध्यापकांच्या ऑफिसमध्ये मुलाखत घ्यायची नाही, मुख्याध्यापक कितीही चांगले असले तरी. समोर साहेब बसलेत म्हटल्यावर प्रत्येक उत्तर शेरेबुकात लिहिण्यासारखं येतं. रिकामा वर्ग, व्हरांडा, झाडाखाली, कुठेही. खिचडीच्या सुट्टीत मात्र नको, ताटांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये इतका येतो की नंतर फक्त ‘खण्ण’ ऐकू येतं.

फोन फ्लाइट मोडवर टाका. माझं एक चांगलं सव्वा तासाचं बोलणं मध्येच आलेल्या कॉलने तिसाव्या मिनिटाला बंद पडलं होतं आणि मला घरी आल्यावर कळलं. दुसरा फोन असेल तर दोन्हीवर रेकॉर्ड करा, डोक्यावर पंखा गरगरत असेल तर विनंती करून बंद करा. रेकॉर्डिंगला आधी विचारायचं, आणि ‘कुठल्याही क्षणी बंद करा म्हणा, मी करते’ हे स्पष्ट सांगायचं. कागदावर सही घ्यायची असेल तर तो कागद मराठीत आणि एका पानात. पोरांचे फोटो-व्हिडिओ शक्यतो नकोच, घ्यायचेच तर पालकांची लेखी परवानगी लागते, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे टाकतात म्हणून आपणही टाकायचं असं करू नका.

पायरी ६: प्रत्यक्ष बोलताना

बाई, सर, मॅडम, गुरुजी, शाळेत पोरं आणि सहकारी ज्या नावाने हाक मारतात तेच वापरा. स्वतःची भाषा साधी ठेवा. तुम्ही ‘अध्ययन-अध्यापन प्रक्रिया’ म्हणालात की समोरूनही तेच येणार, तुम्ही ‘शिकवताना’ म्हणालात की ते ‘शिकवताना’ म्हणतील.

सगळ्यात कामाचे शब्द दोन, ‘म्हणजे?’ आणि ‘मग?’. आणि गप्प बसणं. वर ते तीन सेकंदांचं सांगितलं ना, ते इथे स्वतःवर लावा. एका अनुदानित हायस्कूलमधल्या सरांबरोबर, आठवीचा वर्ग, पटावर अठ्ठावन्न पोरं, असं बोलणं झालं:

मी: गटात बसवलं की मुलं काय करतात?
सर: चर्चा करतात. विचारांची देवाणघेवाण होते.
मी: काल कशावर झाली चर्चा?
(सर बराच वेळ गप्प. मीही.)
सर: काल... खरं सांगू का, काल चर्चा नाही झाली. प्रत्येक गटात एकच जण बोलला, बाकीचे त्याचं उतरवून घेत होते.
मी: मग?
सर: मग आज मी ते बोलणारे सगळे उचलून एकाच गटात टाकले. म्हटलं भांडा आता एकमेकांशी. उरलेल्या गटांना नाइलाजाने बोलावं लागलं. एक गट अजून गप्पच आहे पण, त्यांचं काय करायचं ते कळेना.

त्या गप्प बसण्यात माझी जीभ किती वळवळत होती मलाच माहीत. ‘म्हणजे गणितावर का?’ असं काहीतरी सुचवून टाकलं असतं तर सर ‘हो हो, गणितावर’ म्हणून सुटले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती.

अजून एक, ‘वा, किती छान’ म्हणू नका. कठीण आहे, कारण खरंच छान असतं, पण एकदा वा म्हणालात की पुढे समोरचा वा मिळवण्यासाठी बोलायला लागतो. मान हलवा, लिहा, बास.

पायरी ७: अवघड जागा

प्रत्येक शिक्षकाच्या बोलण्यात आणि वर्गात कुठेतरी अंतर असतंच, आणि ते तुम्ही पाहिलेलं असतं. इथे नवीन माणूस दोन चुका करतो, एक तर घाबरून विचारतच नाही, नाहीतर पोलिसासारखं विचारतो. ‘तुम्ही म्हणालात भीतीमुक्त वातावरण, पण टेबलावर छडी होती’ असं म्हणालात की मुलाखत संपली, चहा येईल पण मुलाखत संपली. मी विचारलं होतं, टेबलावर छडी दिसली, ती कशासाठी असते? गुरुजी हसले, नकाशा दाखवायला म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, ‘पालक आले की टेबलावर ठेवतो. नाही दिसली तर म्हणतात गुरुजी धाक ठेवत नाहीत, पोरगं इंग्लिश मीडियमला टाकतो.’ मला जे अंतर वाटलं होतं ते त्यांच्या रोजच्या तडजोडीचं होतं. (कधीकधी छडी खरंच मारायलाच असते. तेही ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. आणि मुलाला इजा होतेय असं काही दिसलं तर मग ते मुलाखतीच्या पलीकडे जातं, तुमच्या मार्गदर्शकांशी त्याच दिवशी बोला, तिथे ‘मी फक्त संशोधक’ म्हणून गप्प बसायचं नाही.)

अडचणींबद्दलही विचारा पण तक्रारपेटी उघडू नका. दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात एक जण मिटिंगला, रोज ऑनलाइन माहिती, वर २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आलेली. हे सगळं खरं आहे आणि त्यावर दोन तास सहज जातात. मी ऐकून घेते आणि विचारते, एवढं सगळं असताना गेल्या आठवड्यात कुठला तास तुमच्या मनासारखा झाला? तो तास किती वाजता होता, बाकीच्या इयत्ता तेव्हा काय करत होत्या, इतक्या बारीक तपशिलात जा. बहुवर्गात, म्हणजे एकाच खोलीत अनेक इयत्ता असतात तिथे, मोठी पोरं लहानांना शिकवतात ते ‘विद्यार्थीकेंद्री’ म्हणून की दुसरा इलाजच नाही म्हणून, हे त्यातून कळतं, आणि बऱ्याचदा सुरुवात इलाज नाही म्हणूनच झालेली असते.

पायरी ८: घरी आल्यावर

त्याच रात्री अर्धा तास बसून आठवेल ते लिहा, खासकरून रेकॉर्डर बंद केल्यानंतरचं. रेकॉर्डर बंद झाला की लोक खरं बोलायला लागतात हा माझा अनुभव, पण ते वापरायचं असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला पाच-सहा तास लागतात, तुम्हालाही लागतील, ॲपने केलं तरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलण्याचं ॲप काय वाट्टेल ते करतं, त्यामुळे परत ऐकावंच लागतं. आणि उतरवताना प्रमाण मराठी करू नका. ‘पोरगं लई गुणी हाय, पर बोलंना’ हे ‘विद्यार्थी गुणी आहे परंतु अबोल आहे’ असं केलंत तर त्या बाईंचा आवाज गेला, आणि बाई मुलाकडे कशा नजरेने बघतात ते त्या आवाजातच होतं.

नावं बदला, आणि नुसती नावं बदलून भागत नाही. ‘अमुक तालुक्यातली, धरणाजवळची, एकच शिक्षिका असलेली शाळा’ एवढं लिहिलंत की तालुक्यात सगळ्यांना कळतं बाई कोण. तालुका काढा, धरण काढा. मग उतरवलेलं त्या शिक्षकांना वाचायला द्या, आणि जे काढा म्हणतील ते काढा, कितीही भारी वाक्य असलं तरी.

अर्थ लावायची घाई नको. मी वाक्यांच्या चिठ्ठ्या करून फरशीवर मांडते आणि बघते की कुठली गोष्ट या माणसाच्या बोलण्यात परत परत येतेय. त्या चिंचोकेवाल्या बाईंच्या बाबतीत ‘मी बघत होते’ हे शब्द नऊ वेळा आले. दुसऱ्या भेटीत, अर्थात, पहिल्या भेटीत मी बावीस प्रश्न विचारत होते. दुसऱ्या भेटीला जाताना मी छापलेलं काहीच नेलं नाही, गेल्या गेल्या बरणी मागितली आणि बाई म्हणाल्या, आता त्यात चिंचोके नाहीत, पोरांनी करंजाच्या बिया भरल्यात, का ते त्यांनाच विचारा.